विद्यार्थी स्पर्धांतील रोबोसाठी वेगवान क्लाइंबर: आराखड्यापासून चाचणीपर्यंत

रोबोने सामन्याच्या अखेरीस स्वतःला जमिनीवरून उचलून लटकत ठेवावे, ही अट विद्यार्थी रोबो स्पर्धांमध्ये पुन्हा पुन्हा येते. रोबोला असे वर चढवणाऱ्या यंत्रणेला क्लाइंबर म्हणतात. ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) स्पर्धेत २००४ साली १० फूट उंचीच्या दांड्याला लटकण्याचे ५० गुण होते. २०१३ मध्ये पिरॅमिडच्या तीन पातळ्यांना १०, २० आणि ३० गुण होते, २०१७ मध्ये दोर चढायचा होता, २०२४ मध्ये साखळीला लटकायचे होते आणि २०२५ मध्ये लोंबत्या पिंजऱ्याला. मुंबईतील काही शालेय संघ या स्पर्धेसाठी परदेशातील फेऱ्यांना जातात, तर आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालये रोबोकॉन या आशियाई रोबो स्पर्धेत उतरतात. चढाईचे प्रश्न दोन्हीकडे बरेचसे सारखेच आहेत.

या लेखात मुख्य उदाहरण म्हणून एफआरसीचा २०२२ सालचा खेळ घेतला आहे, कारण चढाईतील जवळजवळ सर्व अडचणी त्यात एकत्र सापडतात. त्या खेळात चार आडवे दांडे होते. सर्वांत खालचा ४८.७५ इंचांवर, दुसरा ६०.२५, तिसरा ७५.६२५ आणि शेवटचा ९१ इंचांवर. म्हणजे वरचे तीन दांडे साधारण १५३, १९२ आणि २३१ सेंटिमीटर उंचीवर. त्यांचे गुण अनुक्रमे ४, ६, १० आणि १५. दांडा १.६६ इंच, म्हणजे ४२ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पाइपचा. वरच्या तीन दांड्यांमधले आडवे अंतर सुमारे २ फूट होते, त्यामुळे एका दांड्यावरून पुढच्या दांड्यावर जाताना तिरकस अंतर ७२ सेंटिमीटरच्या आसपास पडत असे. अडीच मिनिटांच्या सामन्यातील शेवटची ३० सेकंदे बहुतेक संघ चढाईसाठी राखून ठेवत. ही चढाई १२ सेकंदांत उरकणारा रोबो उरलेल्या १८ सेकंदांत आणखी चेंडू मारून गुण मिळवू शकतो, आणि वेगवान क्लाइंबरची खरी किंमत तिथे वसूल होते.

आधी सेकंदांचा हिशेब मांडावा

बहुतेक संघ चढाईचा वेग म्हटला की मोटर आणि गिअरपासून सुरुवात करतात. माझे मत असे आहे की ही सुरुवातच चुकीच्या टोकाने होते. कागदावर चढाईचे तुकडे पाडून पाहावेत: मैदानातून दांड्याखाली येणे, रोबो सरळ करणे, हात वर करणे, आकडा (हूक) दांड्यावर बसला आहे याची खात्री करणे, वजन उचलणे, झोका थांबण्याची वाट पाहणे, पुढच्या दांड्यावर आकडा टाकणे, पुन्हा उचलणे. यातील प्रत्यक्ष वजन उचलण्याला, पुढे दिलेल्या गणितानुसार, प्रत्येक वेळी सेकंद-सव्वा सेकंद लागतो. तीन दांड्यांसाठी ते चार सेकंदांच्या आत बसते. बाकी सर्व वेळ जुळवण्यात, थांबण्यात आणि हुकलेला आकडा परत लावण्यात जातो. एकदा आकडा हुकला की चालक गडबडतो, हात परत वर करतो, गाडी मागे घेतो, आणि पाच-सहा सेकंदे कशी गेली ते त्याला कळतही नाही. दुप्पट ताकदीची मोटर लावून अर्धा सेकंद वाचवण्यापेक्षा आकडा पहिल्याच प्रयत्नात बसेल अशी रचना करणे अधिक फायद्याचे ठरते.

म्हणून आराखड्याचा क्रम असा ठेवावा: आधी रोबो दांड्याशी कसा जुळेल ते ठरवावे, मग आकड्याचा आकार, मग हाताची लांबी आणि वजनाचा मध्य, आणि मोटर-गिअर त्यानंतर.

दांड्याशी जुळणे

चालक रोबोपासून बराच दूर उभा असतो. त्याला दांडा आणि आकडा यांच्यामधले अंतर डोळ्यांनी मोजता येत नाही, आणि रोबो थोडा तिरका उभा असेल तर तेही लक्षात येत नाही. समजा दोन आकड्यांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि रोबो फक्त ५ अंशांनी वाकडा आहे. तेवढ्याने एक आकडा दुसऱ्याच्या ५ सेंटिमीटर मागे राहतो, म्हणजे एक बसतो आणि दुसरा हवेत राहतो. आकड्याचे तोंड मोठे केले तर हा दोष काही प्रमाणात झाकता येतो, पण फार मोठा आकडा जड होतो आणि लटकल्यावर दांड्यावर पुढे-मागे सरकतो.

यावर चांगला उपाय म्हणजे चालकाला अंदाज करण्याची गरजच ठेवू नये. दोन्ही हात असे बसवावेत की ते वर गेल्यावर आकड्याची टोके दांड्याच्या वर राहतील आणि हाताच्या नळ्या दांड्याच्या अलीकडे. मग चालकाने रोबो हळू पुढे न्यायचा, दोन्ही नळ्या दांड्याला टेकेपर्यंत. एक नळी आधी टेकली तर चाके थोडी घसरतात आणि रोबो आपोआप वळून दुसरी नळीही टेकते. नळी टेकली याचा अर्थ दांडा आकड्याच्या तोंडात आहे. आता फक्त खाली ओढायचे. या पद्धतीत अचूकता दांड्याकडून मिळते, चालकाच्या नजरेकडून नाही. मात्र नळीला आडवा धक्का बसतो हे गृहीत धरून तिचा पाया मजबूत ठेवावा आणि दांड्याकडे जाताना प्रोग्रॅमने चाकांचा वेग पाव भागावर आणावा.

कॅमेऱ्याने जुळवणे अनेकांना आकर्षक वाटते. ते जमले तर उत्तमच, पण आधी यांत्रिक टेकू करावा आणि कॅमेरा नंतर.

आकडा

पाइप ४२ मिलिमीटरचा असेल तर आकड्याच्या आतला गोल ४४ ते ४५ मिलिमीटरचा ठेवावा. फार नेमका ठेवला तर पाइपवरच्या रंगाच्या थराने किंवा किंचित पोचा आलेल्या भागाने आकडा अडतो. टोकाच्या आतील बाजूला उतार द्यावा, म्हणजे थोडा अलीकडे-पलीकडे पडलेला आकडा खाली ओढताना स्वतःच घसरून जागेवर येतो. हा उतार ३० ते ४५ अंशांचा पुरतो.

ताकदीचे गणित प्रत्येक संघाने स्वतः करावे. ते अवघड नाही. २०२२ च्या नियमांप्रमाणे रोबोचे वजन १२५ पौंडांपर्यंत, त्यात बॅटरी आणि बंपर (रोबोभोवतीची मऊ गादी) धरलेले नाहीत. ते मिळवले की एकूण ७० किलोच्या जवळ जाते, म्हणजे सुमारे ६९० न्यूटन. दोन आकडे आहेत म्हणून निम्मे-निम्मे वजन धरणे धोक्याचे आहे, कारण झोका घेताना एका क्षणी सगळा भार एकाच आकड्यावर येतो. म्हणून एका आकड्यावर पूर्ण वजनाच्या दुप्पट, साधारण १,४०० न्यूटन धरावे. पाइपच्या मध्यापासून आकड्याच्या पाठीच्या मध्यापर्यंत ३५ मिलिमीटर अंतर असेल तर पाठीवर ४९ न्यूटन मीटरचा वाकवणारा भार येतो. पाठ ६ मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर रुंद असेल तर त्यातून सुमारे ७८ मेगापास्कल ताण निघतो. सरळ ओढीचा ९ मेगापास्कल त्यात मिळवावा, आणि वक्र भागाच्या आतल्या कडेला ताण वाढतो म्हणून थोडी भर घालून १०५ च्या आसपास धरावा. ६०६१-टी६ अॅल्युमिनियम साधारण २७५ मेगापास्कलला कायमचे वाकते. म्हणजे अडीचपट सुरक्षितता मिळाली.

पण हे झाले आकड्याच्या प्रतलातले गणित. प्रत्यक्षात आकडे मोडतात ते बहुतेक वेळा आडव्या दिशेने. शेजारच्या रोबोने धक्का दिला किंवा एकच आकडा बसून रोबो पिळला गेला, तर ६ मिलिमीटरची पट्टी तिच्या अशक्त बाजूने वाकते. दोन पट्ट्या मधे स्पेसर घालून जोडल्या तर वजन फारसे न वाढता हा दोष जातो. लेझर कटिंगवाल्याकडे चार ऐवजी सहा पट्ट्या कापून घ्याव्यात. उरलेल्या दोन स्पर्धेच्या पेटीत असाव्यात.

हात आणि वजनाचा मध्य

दांड्याकडून दांड्याकडे जाणाऱ्या रोबोंमध्ये एक मांडणी पुष्कळ संघांना फळली. एकात एक सरकणाऱ्या चौकोनी नळ्यांचा हात वर जातो, खालून दुसरा दांडा पकडतो आणि रोबोला वर ओढतो. ओढ पूर्ण होताना रोबोवर घट्ट बसवलेले दुसरे, न हलणारे आकडे त्याच दांड्यावर चढतात आणि वजन त्यांच्याकडे जाते. हात मोकळा होतो, थोडा मागे कलतो, पुढच्या दांड्यापर्यंत लांब होतो, आणि तेच चक्र पुन्हा चालते. या मांडणीचा मोठा गुण असा की प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वजन स्थिर आकड्यावर विसावते. त्या अवस्थेत मोटर बंद पडली तरी रोबो खाली येत नाही.

या हाताची लांबी ७२ सेंटिमीटरच्या तिरकस अंतरावरून ठरते. आकडा दांड्याच्या पलीकडे जाऊन खाली यायला जागा हवी, म्हणून सरक ८० सेंटिमीटरच्या जवळ ठेवावी. हात पूर्ण लांब झाल्यावरही आतली नळी बाहेरच्या नळीत किमान १५ ते २० सेंटिमीटर राहिली पाहिजे. हा भाग कमी ठेवला तर हात डगमगतो आणि वाकडा भार आल्यावर अडकतो. अर्थात बाहेरची नळी मीटरभर लांबीची झाली, आणि सामन्याच्या सुरुवातीची ५२ इंच, म्हणजे १३२ सेंटिमीटर उंचीची मर्यादा त्याला पुरते. नळ्यांच्या मधे धातूवर धातू घासू देऊ नये. डेल्रिन (एक कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक) किंवा नायलॉनच्या पट्ट्या घालाव्यात, आणि फट एवढीच ठेवावी की नळी उभी धरल्यावर आतली नळी स्वतःच्या वजनाने घसरून खाली येईल. येत नसेल तर स्पर्धेत ती नक्की अडकणार.

वजनाचा मध्य कुठे आहे ते संगणकावरच्या चित्रावर विसंबून ठरवू नये. बॅटरी आणि बंपरसह रोबो एका पाइपवर तोलून पाहावा. लटकलेला रोबो नेहमी अशा स्थितीत येतो की त्याचा वजनमध्य आकड्याच्या बरोबर खाली असतो. आकड्याच्या रेषेपासून वजनमध्य १० सेंटिमीटर बाजूला आणि ५० सेंटिमीटर खाली असेल तर रोबो ११ अंशांनी कलतो. ७५ सेंटिमीटर लांबीच्या रोबोचा एक कडा त्यामुळे मधल्या पातळीपेक्षा ७ सेंटिमीटर खाली जातो. ज्या खेळांत बंपर ठराविक उंचीच्या वर असणे हाच निकष असतो, तिथे हे ७ सेंटिमीटर गुण घालवतात. २०२२ मध्ये मात्र हाच कल काही संघांनी उपयोगात आणला: रोबो मागे झुकला की हात आपोआप पुढच्या दांड्याच्या दिशेने वळतो आणि हात कलवायला वेगळी मोटर लागत नाही. जड बॅटरीची जागा म्हणूनच शेवटी उरलेल्या कोपऱ्यात न ठरवता पहिल्याच आठवड्यात ठरवावी.

मोटर, गिअर आणि रीळ

आता गणित. ६९० न्यूटनचा रोबो ६० सेंटिमीटर उचलायचा आहे. रीळ आणि त्यावरची दोरी मिळून व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या १२.५ मिलिमीटर. रिळावर ८.६ न्यूटन मीटर लागतात. गिअर, पुली आणि नळ्यांचे घर्षण धरून कार्यक्षमता ७५ टक्के मानली तर ११.५ न्यूटन मीटर हवेत.

एफआरसीत वापरल्या जाणाऱ्या दोन निओ मोटरी घेऊ. निओ मोकळी असताना १२ व्होल्टला ५,६७६ आरपीएमने फिरते आणि अडवल्यावर १०५ अँपिअर घेऊन २.६ न्यूटन मीटर देते. प्रत्येकीला ४० अँपिअर दिले तर दोन्ही मिळून सुमारे २ न्यूटन मीटर देतात आणि ५.८ पटीचा गिअर पुरतो. कागदावर रोबो सेकंदाला ०.७९ मीटर वेगाने वर जातो आणि पाऊण सेकंदात काम होते. परंतु सामन्याच्या शेवटी बॅटरी थकलेली असते. ८० अँपिअर ओढल्यावर बॅटरी आणि तारांच्या अंतर्गत रोधात दीड-दोन व्होल्ट जातात, आणि मोटरीला १० व्होल्टच मिळतात. तेव्हा वेग ०.५८ मीटरवर येतो आणि वेळ सेकंदाच्या थोडा वर जातो.

हेच गणित ९ पटीच्या गिअरने करून पाहावे. प्रत्येक मोटर आता फक्त २६ अँपिअर घेते, आणि १० व्होल्टलाही वेग ०.४८ मीटर राहतो. म्हणजे ६० सेंटिमीटरला सव्वा सेकंद. केवळ पाव सेकंदाच्या मोबदल्यात विजेचा भार एक तृतीयांशाने कमी झाला, मोटरी गार राहिल्या आणि बॅटरी खचून नियंत्रक बंद पडण्याची भीती गेली. रोबोरिओ नियंत्रकाच्या पहिल्या आवृत्तीत व्होल्टेज ६.३ च्या खाली गेले की सगळ्या मोटरी बंद होतात, आणि दांड्याच्या निम्म्यावर हे घडले तर पुढचे काही सांगायला नको. पहिल्या वर्षाच्या संघाने तर नेहमी गणितातून निघणाऱ्या गिअरपेक्षा दीडपट मोठा गिअर घ्यावा. ग्रहमाला पद्धतीच्या (प्लॅनेटरी) गिअरबॉक्समध्ये टप्पे बदलता येतात, त्यामुळे नंतर वेग वाढवणे सोपे असते.

इथे एक धोका बहुधा नजरेतून सुटतो. ९ पटीच्या गिअरने दोन अडवलेल्या निओ रिळावर जवळजवळ ४७ न्यूटन मीटर देऊ शकतात. १२.५ मिलिमीटर त्रिज्येवर ती ओढ, घर्षण वजा करूनही, दोन हजार आठशे न्यूटनच्या आसपास जाते. हात तळाशी टेकल्यावर मोटर चालूच राहिली तर दोरी, पुलीचा बोल्ट किंवा नळीचे टोक यांपैकी जे सर्वांत अशक्त ते तुटते. ४० अँपिअरचा ब्रेकर इथे वाचवत नाही, कारण तो तापून उघडतो आणि त्याला वेळ लागतो. मोटर कंट्रोलरमध्येच ४० अँपिअरची मर्यादा घालावी आणि एन्कोडरवरून (मोटरीचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरवरून) खालची-वरची हद्द ठरवावी.

दोरीसाठी ३ किंवा ४ मिलिमीटरची विणलेली डायनीमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी) चांगली. ३ मिलिमीटरची चांगल्या प्रतीची दोरी ९०० किलोच्या पुढे भार घेते, पण गाठ मारली की ताकद निम्म्यावर येते आणि हा धागा इतका गुळगुळीत असतो की साध्या गाठी भाराखाली सरकून सुटतात. दोरीचे टोक तिच्याच पोटात ओवून फास करण्याची पद्धत शिकून घ्यावी. सुई आणि अर्धा तास पुरतो. रिळावर शेवटचे तीन-चार वेढे नेहमी शिल्लक राहतील एवढी दोरी ठेवावी, म्हणजे टोकाच्या खिळीवर भार येत नाही. रिळाच्या कडा उंच ठेवाव्यात. डायनीमा दीडशे अंशांच्या आतच वितळते, म्हणून तीक्ष्ण कडेवर किंवा न फिरणाऱ्या पुलीवर ती घासू देऊ नये.

हात वर ढकलायला स्थिर बलाची स्प्रिंग आणि खाली ओढायला दोरी, ही जोडी स्वस्त आणि हलकी आहे. तिचा दोष सैल दोरीत आहे. रीळ दोरी सोडते, पण हात कुठे अडकला तर सैल झालेली दोरी रिळाच्या कडेवरून उतरते आणि अक्षाभोवती गुंता करते. पुढच्या ओढीत तो गुंता आवळतो आणि हात अर्ध्यावर थांबतो. हे टाळायचे असेल तर दोरीची अखंड फेरी करावी, म्हणजे एक टोक हात वर ओढते तेव्हा दुसरे टोक रिळावरून सुटते. थोडे जास्त काम पडते, पण स्प्रिंगही लागत नाही आणि हात दोन्ही दिशांना मोटरीच्या ताब्यात राहतो. मी ही पद्धत निवडेन.

सामना संपल्यावर रोबो खाली येऊ नये

सामना संपला की सर्व मोटरींची वीज बंद होते, आणि गुण त्यानंतर काही सेकंदांनी पाहिले जातात. २०२२ मध्ये ही मुदत ५ सेकंदांची होती. मोटर कंट्रोलरचा ब्रेक मोड रोबोला धरून ठेवत नाही, फक्त त्याचे उतरणे मंदावतो. स्थिर आकड्यांवर वजन विसावलेले असेल तर प्रश्नच नाही. पण शेवटच्या ओढीच्या मध्यावर घंटा वाजली तर काय, याचे उत्तर तयार हवे.

साधे उत्तर म्हणजे रॅचेट (दातेरी चाक) आणि त्याला उलटे फिरू न देणारा खटका. खटका मोटरीच्या बाजूला बसवला तर त्याच्यावर भार कमी येतो आणि तो लहान करता येतो, मात्र त्याच्या आणि रिळाच्या मधली एखादी चावी (गिअरला अक्षावर पक्का धरणारा धातूचा तुकडा) तुटली की रोबो पडतो. रिळाच्या अक्षावर बसवला तर सुरक्षितता जास्त: ८.६ न्यूटन मीटरचा भार ५० मिलिमीटर व्यासाच्या रॅचेटवर साधारण ३४५ न्यूटन होतो, आणि ६ मिलिमीटर पोलादी खटका तो सहज पेलतो. हात पुन्हा लांब करायचा असेल तेव्हा खटका उचलावा लागतो. भार असताना तो दाताला घट्ट चिकटलेला असतो आणि छोटी सर्व्हो मोटर त्याला हलवू शकत नाही. म्हणून प्रोग्रॅमने आधी रीळ किंचित आवळून भार काढावा, मग खटका उचलावा, मग दोरी सोडावी. वर्म गिअरने हे सगळे टळते, पण त्याची कार्यक्षमता इतकी कमी असते की वेगवान क्लाइंबरला तो परवडत नाही.

दांडा नसून उभा खांब असेल तर

आशियाई रोबोकॉनच्या २०१६ च्या बँकॉकमधील खेळात रोबोला उभ्या खांबावर चढून वरच्या पवनचक्कीला पाते बसवायचे होते, आणि ते जमले की सामना तिथेच जिंकला जात असे. त्या वर्षीची भारतातील राष्ट्रीय फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. अशा खेळात चाकांनी खांब आवळून चढणे ही सर्वांत जलद पद्धत, आणि तिच्यातली खुबी आवळण्याच्या बळात आहे.

रोबोचे वजन खांबापासून बाजूला ठेवले, वरचे चाक खांबाच्या पलीकडून आणि खालचे चाक अलीकडून टेकवले, तर रोबोचे वजनच चाकांना खांबावर दाबते. वजनमध्य खांबापासून जितका दूर आणि दोन चाकांमधली उभी फट जितकी कमी, तितका दाब जास्त. दोन्ही चाके मोटरीने फिरत असतील आणि रबर-खांब घर्षणांक ०.६ असेल, तर वजनमध्याचे अंतर चाकांमधल्या फटीच्या किमान ०.८३ पट हवे. एकच चाक मोटरीवर असेल तर १.६७ पट. यात वजन कुठेच येत नाही, कारण रोबो जड झाला तर घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. स्प्रिंगने आवळणाऱ्या रचनेत हा फायदा नसतो. खांब गुळगुळीत रंगवलेला असेल तर घर्षणांक खूपच घसरतो, तेव्हा तो आधी त्याच रंगाच्या नमुन्यावर मोजावा.

प्रोग्रॅम

चढाई टप्प्याटप्प्यांची असावी आणि प्रत्येक टप्पा वेळेवर न चालता खुणेवर पुढे सरकावा. आकडा दांड्यावर बसला हे मोटरीचा प्रवाह अचानक वाढण्यावरून कळते: मोकळा हात खाली येताना चार-पाच अँपिअर घेत असेल आणि एकदम वीसच्या वर गेला तर वजन आले आहे. दोन्ही हातांचा प्रवाह वेगवेगळा पाहावा. एकाचा वाढला आणि दुसऱ्याचा वाढला नाही, तर एकच आकडा बसला आहे. अशा वेळी प्रोग्रॅमने थांबून चालकाला कळवावे, ओढत राहू नये. चालकासाठी एकच बटण ठेवावे, जे दाबून धरले तर चढाई पुढे जाते आणि सोडले तर आहे तिथे थांबते. मागे जाण्यासाठी दुसरे बटण हवेच.

झोका ही चढाईतली सर्वांत मोठी वेळखाऊ बाब. लटकलेला रोबो लंबकासारखा हलतो, आणि वजनमध्य दांड्याच्या ६० सेंटिमीटर खाली असेल तर त्याचा एक पूर्ण झोका साधारण दीड सेकंदाचा होतो. हात लांब होत असताना रोबो मागे गेलेला असेल तर आकडा पुढच्या दांड्याच्या अलीकडेच राहतो. झोका शांत होण्याची वाट पाहण्याऐवजी जायरो या कल मोजणाऱ्या सेन्सरवरून रोबोचा कल वाचावा आणि रोबो पुढच्या दांड्याकडे झुकायला लागला की हात सोडावा. मुळात झोका लहान ठेवणे याहून सोपे आहे: ओढीच्या शेवटच्या १० सेंटिमीटरमध्ये वेग निम्मा करावा, म्हणजे वजन स्थिर आकड्यावर आपटत नाही. या मंदपणात जाणारा पाव सेकंद झोका थांबण्याची वाट पाहावी न लागल्याने दुपटीने परत मिळतो.

चाचणी

प्रयोगशाळेत दांडा तयार करताना पाइपचा व्यास, उंची आणि दांड्यांमधले अंतर नियमपुस्तकाबरहुकूम ठेवावे, आणि चौकट भिंतीला किंवा छताला पक्की बांधावी. पहिल्या चढाईला वरून वेगळा सुरक्षा पट्टा लावावा. लटकलेल्या रोबोखाली कोणाचाही हात किंवा पाय जाऊ देऊ नये, आणि मुख्य ब्रेकर लटकलेल्या स्थितीतही हाताला येईल अशा जागी असावा.

फोनवर २४० चित्रे प्रति सेकंद या वेगाने चित्रीकरण करून प्रत्येक टप्प्याची वेळ मोजावी. सुरुवातीला मांडलेल्या सेकंदांच्या हिशेबाशेजारी खरे आकडे लिहिले की सुधारणा कुठे करायची ते आपोआप दिसते. चाचण्या भरलेल्या बॅटरीवर करून समाधान मानू नये. एक पूर्ण सामना खेळून झालेल्या बॅटरीवरच चढाईची परीक्षा घ्यावी. रोबो मुद्दाम ५ अंश वाकडा उभा करावा, एकाच बाजूने आकडा लावून पाहावे, चढाई निम्म्यावर असताना वीज बंद करावी. दर काही चढायांनंतर दोरीवर हात फिरवून पाहावा. धागे फुललेले किंवा चकाकी येऊन कडक झालेला भाग आढळला तर दोरी बदलावी, कारण तो भाग कुठेतरी घासतो आहे, आणि ती जागा शोधल्याशिवाय नवी दोरीही तशीच जाईल.

उतरवण्याचा सराव तेवढाच करावा. सामना संपल्यावर रोबो वीज न देता खाली घ्यायचा असतो, आणि मागे पुढचा सामना थांबलेला असतो. दोघांनी खालून चौकट उचलून भार काढायचा, तिसऱ्याने आकडा दांड्यावरून सोडवायचा किंवा खटका हाताने उचलायचा, असे काम आधीच वाटून घ्यावे. खटक्याला लाल दोरीचा छोटा लूप बांधला तर घाईत तो शोधावा लागत नाही. उचलणाऱ्यांसाठी चौकटीवर धरायच्या जागा ठरवून तिथल्या कडा घासून बोथट कराव्यात, कारण ७० किलोचा भार तिथे बोटांवर येतो.